दाढीचे केस कायमचे काढायचेत, पैसे कुठनं आणायचे? टीजी कार्ड, भिशी की ईएमआय

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या ट्रान्स बायका नेहमी विचारतात, लेझर करू की इलेक्ट्रॉलिसिस, आणि पैसे कोण देणार. अमेरिकेत पॉइंट ऑफ प्राइड म्हणून संस्था आहे ती खास इलेक्ट्रॉलिसिससाठी मदत देते, पण ते तिकडं, आपल्याला इथलंच काय ते जुळवायचंय.

आधी कुठलं काम करायचं ते ठरवा, कारण खर्च त्यावरच आहे. लेझर काळ्या जाड केसावर चालतंय, पांढऱ्या-भुऱ्यावर नाही, चार ते सहा आठवड्यांनी एक अशा सहा-आठ सिटिंग तरी धरा, दाढीला जास्तच लागतात, आणि एवढं करून केस खूप कमी होतात पण सगळे जातीलच असं नाही. इलेक्ट्रॉलिसिसमध्ये सुई घालून एकेक केसाचं मूळ मारतात, रंग कुठलाही चालतो, पण पूर्ण दाढी म्हणजे वर्ष-दोन वर्षांचं काम आणि पैसे बहुतेक तासावर. हार्मोन सुरू केले की दाढी आपोआप जाईल म्हणून कितीजणी थांबून बसल्यात, अंगावरचे केस बारीक होतात ओ, दाढी जात नाही. मी म्हणेन सुरुवात लेझरनं, उरलेले आणि पांढरे तेवढे इलेक्ट्रॉलिसिसला. आपल्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी याग लेझर मशीन आहे का ते आधी विचारा, आणि मधे थ्रेडिंग-वॅक्स नको, फक्त रेझर.

आता पैसे. सगळ्यात मोठी रक्कम आयुष्मान भारत टीजी प्लसची, म्हणजे केंद्राच्या ट्रान्सजेंडरांसाठीच्या आरोग्य विम्याची, तेच आपलं टीजी कार्ड, वर्षाला ५ लाखांपर्यंत. त्यासाठी ट्रान्सजेंडरांच्या नॅशनल पोर्टलवर अर्ज करून डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसचं ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र लागतं. २०१९च्या ट्रान्सजेंडर हक्कांच्या कायद्यात कलम १५मध्ये विम्यातनं लेझर थेरपीचा खर्च मिळावा असं लिहिलंय, इलेक्ट्रॉलिसिसचं नाव मात्र नाही. पण कायद्यात लिहिलंय म्हणून हॉस्पिटलच्या काउंटरवर मिळेलच असं नाही ना, तेव्हा जायच्या आधीच विचारा, दाढीच्या लेझरला तुमच्याकडं हे कार्ड चालतंय का, आणि उत्तर लेखी घ्या. "बघू, या तुम्ही" हे उत्तर नव्हे.

महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२३मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, त्यावरनं दोन्ही सरकारांची भांडणं झाली ती आपल्याला माहीतच आहेत. ती मुळात आजारपण-ऑपरेशनची आहे, दाढीसाठी तिच्या मागं कोल्हापूरला हेलपाटे घालू नका.

कर्नाटकाच्या मैत्री योजनेत ट्रान्स लोकांना महिन्याला पेन्शन मिळतंय. रक्कम छोटी, त्यात एक सिटिंगसुद्धा निघायची नाही, पण दर महिन्याला येतात म्हणून भिशीचा हप्ता त्यातनं सुटू शकतो, आणि माझ्या मते भिशीच सगळ्यात बरी, व्याज नाही, ओळखीच्या पाच-दहाजणी असल्या की नंबर मागंपुढं करून घेता येतो. शिवाय कर्नाटकाच्याच शक्ती योजनेत बायकांसारखं आपल्यालाही साध्या सरकारी बसचं तिकीट नाही, हुबळी-धारवाडला स्वस्त क्लिनिक मिळालं तर जायचा खर्च शून्य, कोल्हापूरला मात्र तिकीट काढावंच लागतंय.

ईएमआयचं मला पटत नाही. क्लिनिकवाले आठ सिटिंगचं पॅकेज एकदम गळ्यात मारतात, दुसऱ्या सिटिंगला कातडी भाजली किंवा मशीनवाली मुलगी सोडून गेली तरी हप्ता चालूच. मायक्रोफायनान्सच्या वसुलीच्या त्रासाविरुद्ध कर्नाटकानं २०२५मध्ये वटहुकूम काढला, पण नोंदणी असलेल्या कंपनीचं व्याज त्यानं माफ होत नाही. आपल्या घराण्यातल्या गुरूकडनं घेतले तर कागद नको, जामीन नको, फक्त फेडायचं कसं आणि तोवर कमाईतलं किती द्यायचं हे चारचौघींसमोर बोलून घ्या, नंतर तोंड उघडता येत नाही.

टीजी कार्ड हातात पडेपर्यंत दाढी थांबत नाही, म्हणून अर्ज आजच टाका आणि तोवर भिशीच्या पैशातनं एकेक सिटिंगचे रोख देऊन सुरू करा, पहिल्यांदा कानाजवळ पॅच टेस्ट, म्हणजे थोड्याशा जागेवर करून बघणं, पॅकेजची सही नको.