गर्भातल्या बाळाच्या किडनीदोषासाठी जनुकीय तपासणी : गंगापूर रोडवरच्या केंद्राची सेवा कशी आहे?

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘किडन्या पांढऱ्या दिसतात’ किंवा ‘एक किडनी सापडत नाही’ असं निघालं, की नाशिक शहरातून आणि सिन्नर, निफाड, दिंडोरीकडून जोडपी इथे पाठवली जातात. ५ पैकी ४ तारे. गर्भजलाच्या नमुन्यासाठी सुई टोचण्याआधी इथे आईवडिलांच्याच किडन्यांची सोनोग्राफी करतात, निम्मे गुण त्यासाठीच.

स्वस्तातली ही तपासणी बऱ्याच ठिकाणी राहून जाते. वडिलांच्या किडनीत पाण्याच्या गाठी असतात आणि त्यांना पत्ताही नसतो; मग प्रत्येक बाळाला तो आजार जाण्याची शक्यता ५० टक्के. दोघांच्या किडन्या स्वच्छ, बाळाच्या मात्र मोठ्या आणि पांढऱ्या, गर्भजल कमी, त्यात लग्न मामाच्या मुलीशी झालेलं, तर पीकेएचडी१ जनुकाचा अप्रभावी (आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच होणारा) आजार आधी डोक्यात यायला हवा. तिथे दर गरोदरपणात धोका २५ टक्के. कोणती तपासणी मागवायची, हे या चौकशीवरच ठरतं.

समुपदेशन मराठीत होतं, कागदावर चित्र काढून. पाचव्या आठवड्याच्या सुमारास एका नळीतून छोटा अंकुर फुटतो. शेजारच्या पेशी जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात, अंकुरावरचा आरईटी ग्राहक (संदेश पकडणारं प्रथिन) ते ओळखतो आणि अंकुर त्या दिशेला वाढून फांद्या धरतो. फांद्यांच्या टोकांशी नेफ्रॉन, म्हणजे गाळण्या, तयार होतात. अंकुर फुटलाच नाही तर किडनी नाही. भलत्या जागी फुटला तर लघवी उलट वर चढते. फांद्या कमी पडल्या तर किडनी लहान राहते. पॅक्स२, ईवायए१, एचएनएफ१बी ही जनुकं याच कामावर असतात. हे चित्र पाहिल्यावर ‘ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं’ हे आईच्या मनावरचं ओझं उतरतं. तेवढ्यासाठीही ही अर्ध्या तासाची बैठक मोलाची आहे.

सगळंच जनुकांवर ढकलत नाहीत, हेही चांगलं. आईची साखर विचारतात, बीपीच्या गोळ्यांचं पाकीट बघायला मागतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गटांतल्या गोळ्यांनी बाळाची लघवी आणि गर्भजल दोन्ही कमी होऊ शकतात. पाकीट सोबत न्या. पण गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टर बदलून देतील.

२८ आठवड्यांच्या आत किडनीचं पेल्विस (लघवी जमा होणारी पोकळी) ४ ते ७ मिमीच्या दरम्यान फुगलेलं आणि बाकी सगळं ठीक असेल, तर जनुकीय तपासणी सुचवत नाहीत. ३२ आठवड्यांनंतर पुन्हा स्कॅनला बोलावतात. योग्यच आहे.

आता कमी कुठे पडतात ते. मोठा दोष दिसला की इथे थेट एक्झोमकडे (जनुकांचा प्रथिनं बनवणारा भाग वाचणारी तपासणी) कल असतो. पांढऱ्या किडन्यांमागे एचएनएफ१बी असेल, तर बऱ्याचदा १७व्या गुणसूत्राचा १४ लाखांच्या आसपास अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो. मायक्रोअ‍ॅरेमध्ये (गुणसूत्रांचे गळालेले किंवा जादा तुकडे शोधणारी तपासणी) तो नीट दिसतो. एक्झोममध्ये प्रयोगशाळेने कॉपी नंबरचं (तुकडा गळालाय की जादा आहे याचं) विश्लेषण केलं असेल तरच. ते करणार का, हे लेखी घ्या. किडनीतल्या गाठींच्या आजारामागच्या पीकेडी१ जनुकाची तर हुबेहूब दिसणारी ६ खोटी भावंडं आहेत, त्यामुळे साध्या एक्झोममध्ये त्याचे बदल निसटू शकतात. अशा वेळी ‘रिपोर्ट नॉर्मल’ एवढंच सांगून मोकळं होणं चूक आहे. ‘कारण सापडलं नाही’ असं म्हणायला हवं.

दुसरी अडचण वेळेची. मायक्रोअ‍ॅरेला साधारण २ आठवडे, एक्झोमला ३ ते ४ लागतात. गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढे गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. म्हणून अ‍ॅनॉमली स्कॅन (बाळाचे अवयव बघणारी तीच पाचव्या महिन्याची सोनोग्राफी) १८-१९व्या आठवड्यातच करा. २२व्यात केला तर विचार करायला दिवसच उरत नाहीत. नमुना सोमवार ते बुधवार द्या. शनिवारी घेतलेला नमुना कुरिअरमध्ये अडकला तर पेशी वाढत नाहीत आणि पुन्हा सुई लागते.

गर्भजल १५ ते २० मिली घेतात. पहिले १-२ मिली टाकून देतात, कारण त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात. तपासणीसाठी सोबत आईचं रक्तही जायला हवं, याची खात्री करा. आई आरएच निगेटिव्ह असेल तर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन. गर्भजलच नसेल तर वारेचा नमुना घेता येतो, तो पर्याय आपणहून विचारा. लिंगनिदानबंदी कायद्याचे फॉर्म एफ (नोंद) आणि जी (संमती) भरून घेतात. लिंग सांगत नाहीत, विचारूही नका.

रिपोर्टनंतरची दुसरी बैठक फीमध्ये धरलेली नाही, हे आधी सांगत नाहीत. एक तारा त्यासाठी कापला. निघताना रिपोर्टसोबत एक्झोमचा कच्चा डेटाही मागून घ्या आणि डीएनए जपून ठेवायला सांगा. पुढच्या गरोदरपणाआधी तोच डेटा नव्याने तपासता येतो आणि बदल आधीच माहीत असेल, तर ११ ते १४ आठवड्यांतच वारेची तपासणी करता येते.