हनीकोम्ब पेपर, डिंकाचा टेप आणि कम्पोस्टेबल पिशव्या: ऐन सीझनमध्ये वापरून बघितलं

प्लास्टिक नको म्हणून जे पॅकिंगचं सामान मिळतं त्याचे रिव्ह्यू वाचले तर बहुतेक ठिकाणी एकच पार्सल टेबलावर ठेवून, निवांत बांधून, फोटोबिटो काढलेले असतात. एक पार्सल काय हो, कशातही छान बांधता येतं. खरा कस लागतो तो सीझनमध्ये, ऑर्डरींचा ढीग पडलेला असतो, कुरिअरवाला दारात उभा राहून झालं का झालं का करत असतो आणि पॅकिंग करणाऱ्याला विचार करायलाही वेळ नसतो. आमचं काम घरगुती, सिरॅमिकचे कप आणि काचेच्या बरणीतल्या मेणबत्त्या, म्हणजे सगळं फुटणारंच. यंदा नवीन बबल रॅप आणि ब्राऊन प्लास्टिक टेप आणलाच नाही, त्याऐवजी हे तीन प्रकार वापरले.

हनीकोम्ब पेपर आधी, कारण तो सगळ्यात जास्त आवडलाय. खाकी कागदाला बारीक बारीक चिरा मारलेल्या असतात, रोल चपटा येतो, ओढला की चिरा उघडून जाळी उभी राहते. पण इथेच गंमत आहे, नुसता गुंडाळला तर काही उपयोग नाही, ताणून धरूनच गुंडाळायचा. जाळीचे घर तिरके उभे राहिलेले दिसले पाहिजेत, चपटे राहिले असतील तर समजायचं साधा कागद गुंडाळलाय, धक्का झेलणार नाही. कपाला गुंडाळताना आधी थोडा कागद कानाच्या आत कोंबायचा आणि मग बाकी फेरे, कारण कप फुटतो तो बहुतेक वेळा कानाशीच. फेरे पूर्ण झाले की जाळी जाळीत अडकते, टेप लावायलाच लागत नाही, आणि सीझनमध्ये याची किंमत काय ते प्रत्येक कपाला कात्री शोधणाऱ्यालाच कळेल. कागद हाताने फाटतो. शिवाय चपटा असल्यामुळे कोपऱ्यात एक रोल उभा करून ठेवला तरी पुष्कळ दिवस जातो, बबल रॅपचे फुगलेले रोल ठेवायला अर्धी खोली द्यावी लागायची.

वाईट काय, तर बारीक धूळ पडते कागदाची, काळ्या ग्लेझच्या कपावर लगेच दिसते, म्हणून आत एक पातळ टिश्यू घालतो. आणि वजन बबलपेक्षा जास्त भरतं. अगदी पातळ काचेचं काही असेल, लांब मानेची बाटली वगैरे, तर मी अजूनही बबलच वापरीन, पण नवा नाही, आपल्याकडे आलेल्या पार्सलांमधला साठवलेला. (बबल रॅप मुळात पॅकिंगसाठी नव्हताच, १९५७ साली अमेरिकेत दोघांना भिंतीला लावायचा उठावदार कागद बनवायचा होता, तो काही चालला नाही आणि त्यातून हे निघालं.) चांगला बबल एका वापरात टाकून देण्यापेक्षा परत फिरवलेला बरा असं माझं मत आहे, मग कुणी काही म्हणो.

आता डिंकाचा टेप, म्हणजे पाणी लावून चिकटवायचा तो खाकी कागदी टेप. यात स्टार्चचा डिंक असतो आणि तो पुठ्ठ्याच्या धाग्यांतच मुरतो, त्यामुळे एकदा बसला की उचकटताना पुठ्ठाच फाटतो, मधे कुणी खोका उघडला तर लगेच कळतं. प्लास्टिक टेपच्या दोन-तीन पट्ट्या लागायच्या तिथे एक पुरते. खोका रद्दीत देतानाही टेप सोलायला नको. हे सगळं खरं, पण पाण्याचं गणित जमेपर्यंत जीव नकोसा होतो. पाणी कमी झालं तर कडा उठतात, जास्त झालं तर डिंकच धुवून जातो आणि टेप खोक्यावरून घसरतो. कोमट पाणी घेतलं तर पटकन धरतो, आणि लावल्यावर मधून कडेकडे हात फिरवून दाबायचा. पाच-दहा पार्सलं असतील तर ओला स्पंज पुरे, त्यापुढे ब्रशवालं डिस्पेन्सर नसेल तर या भानगडीत पडू नका, सरळ सांगतो. छापील गुळगुळीत खोक्यावर, म्हणजे वर प्लास्टिकचा थर असतो त्यावर, हा चिकटत नाही, त्यामुळे जुने खोके परत वापरत असाल तर आधी बघून घ्या. रोल कोरड्या जागी ठेवा, दमट हवेत ठेवलेला आमचा एक रोल आतल्या आत चिकटून ठोकळा झाला.

कम्पोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, कुरिअर पिशव्या मात्र मला पटल्या नाहीत. हाताला मऊ, दिसायला मस्त, गिऱ्हाइकांना आवडतात, टी-शर्टसारख्या न फुटणाऱ्या मालाला चालतीलही. पण त्यावर जो ईएन १३४३२ असा युरोपियन मानकाचा शिक्का असतो तो मोठ्या कारखान्यातल्या कम्पोस्टिंगसाठीचा आहे, जिथे ५८ अंशांच्या आसपास उष्णता राखलेली असते. घरच्या कुंडीत टाकली तर ती तशीच पडून राहू शकते, त्यासाठी होम कम्पोस्टचं वेगळं सर्टिफिकेट असावं लागतं. बरं, साध्या प्लास्टिकच्या रिसायकलिंगमध्ये गेली तर तिथलाही माल बिघडवते. गिऱ्हाईक बिचारं पिशवी हातात धरून विचारतं हिचं करू काय, आणि आपल्याकडे धड उत्तर नसतं. त्यात या पिशव्या फार टिकत नाहीत, गेल्या सीझनच्या उरलेल्यांचे सांधे यंदा ओढल्याबरोबर उघडले. म्हणजे गर्दी होईल म्हणून भरपूर घेऊन ठेवावं तर तेही नाही. त्यापेक्षा साधा जाड कागदी लिफाफा चांगला, फक्त आतून बबल चिकटवलेला नको, कागद आणि प्लास्टिक एकत्र असलं की रद्दीवालाही घेत नाही.

एवढं सगळं वापरल्यावर सगळ्यात मोठा फरक पडला तो मात्र खोक्याच्या मापाने. पूर्वी सगळ्याला एकच मोठा खोका आणि उरलेल्या जागेत काहीतरी कोंबायचं. कुरिअर जागेचं पण वजन धरतात, लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बऱ्याच ठिकाणी ५००० ने भागतात, म्हणजे ३० बाय २० बाय १५ चा खोका आत कप एकच असला तरी १.८ किलो धरला जातो, तोच २५ बाय १८ बाय १२ चा घेतला तर जेमतेम १.०८. भरायचा कागद कमी, हलून फुटायची भीती कमी, वर पैसेही वाचतात, आणि हनीकोम्बचं वाढलेलं वजन या हिशोबात कुठे दिसतच नाही. आम्ही आता तीन मापं ठेवतो, कपांना थ्री-प्लाय (तीन थरांचा पुठ्ठा) आणि चार-सहाच्या सेटला फाइव्ह-प्लाय (पाच थरांचा), कारण सीझनमध्ये गोदामात पार्सलांची उतरंड लागते आणि आपला खोका तळाला असणार असंच धरून चालायचं. बंद केल्यावर कानाशी धरून हलवून बघतो, खळखळ आवाज आला तर परत उघडायचा, कुरिअरवाला कितीही ओरडू दे.

घेणार असाल तर सीझनच्या आधीच मागवा, गर्दीत हनीकोम्बचे रुंद रोल आधी संपतात आणि मग अरुंद रोलचे दुप्पट फेरे मारत बसावं लागतं.