गिरगावातल्या पेंटरच्या घरातला क्लास: सहा महिन्यांनंतर

जूनमध्ये ॲडमिशन घेतली, आता डिसेंबर उजाडला, म्हणजे लिहायला हरकत नाही. एका जुन्या बोर्ड पेंटरचं दुमजली घर आहे, मंगलोरी कौलं, लाकडी जिना, तिथे आता डेकोरेटिव्ह पेंटिंग शिकवतात. म्हणजे साध्या प्लायवर नुसत्या रंगाने साग नाहीतर संगमरवर उठवायचा. पहिल्या दिवशी सरांनी माडीवरचं दार दाखवून विचारलं, लाकूड कुठलं? सगळे म्हणालो सागवान. मग त्यांनी खालची कड दाखवली, पाणी लागून तिथला रंग गेलाय आणि आत चक्क देवदार, खोक्याचं लाकूड! मूळ मालकानेच रंगवलेलं. फी तिथेच वसूल म्हणा ना.

शिकवणं एक नंबर पण जाम स्लो. दोन महिने नुसती लांबी (म्हणजे पुट्टी) भरा, पॉलिश पेपर मारा, बेस कोट द्या, मला वाटलं फुकटचे रंगारी मिळालेत यांना. मग ग्लेझ आलं, म्हणजे बेस कोटवर द्यायचा पातळ, आरपार दिसणारा रंग: अळशीचं तेल, टर्पेंटाईन, रंग, तो लवकर सुकायला थोडा ड्रायर, आणि इथेच खरी बोंब. ब्रुसेल्सला याच कामाची शाळा १८८२ पासून आहे, त्यांचा कोर्स ऑक्टोबर ते मार्च, आणि आमचा बरोब्बर पावसाळ्यात! फळ्या चार-चार दिवस चिकट, वर चिलटं चिकटलेली वेगळीच. सरांना बोललो तर म्हणे, मूळ मालक काय पावसाळ्यात उपाशी बसायचे का? तरी सांगतो, दिवाळीनंतरची बॅच घ्या.

सागाच्या रेषांना रंग शिळ्या बीअरमध्ये कालवतात, वार्निश मारेपर्यंत ती रंग धरून ठेवते. हे आईला पटवायला मला दोन आठवडे लागले, शर्टाचा वास काही जात नव्हता.

मार्बलसाठी मात्र फोटो बघून करायचं नाही हा नियम. सरांनी सीएसएमटीला पाठवलं, तिकीट हॉलमधलं इटालियन मार्बल आणि आपला निळसर पॉलिश दगड बघायला. १८८८ ची बिल्डिंग, नक्षीकामात जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात, आणि मी वीस वर्षं तिथून लोकल पकडतोय पण एकदा मान वर केली नव्हती. तासभर दगडाला नाक लावून उभा, शेवटी पोलिसाने विचारलंच काय हरवलंय. दगडातली शीर कुठे जाड होते, कुठे मध्येच विरते, ते त्या दिवशी कळलं, त्याआधीच्या माझ्या फळ्या म्हणजे नकाशातल्या नद्या.

ब्रश स्वतःचे न्या, तिथले झडतात. आता आईला बाथरूमचं पीव्हीसीचं दार सागवानी करून हवंय. पीव्हीसीवर बेस कोट धरतो का, कुणी केलंय?