तंबोऱ्याचा गळा सरसाने जोडून घेतला, त्याला अकरा महिने झाले

चवथ झाली, गणपतीवरची फळापानांची माटोळी उतरवली, तंबोरा गवसणीत, म्हणजे कापडी खोळीत गेला. दुरुस्तीनंतरचा पहिला पावसाळा पार पडला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

वाद्य आत्याचं, 1971 साली मिरजेहून आणलेला जनानी तंबोरा. आता लेक काळी चारच्या पट्टीत लावून गाते. तीन वर्षांपूर्वी कुरबुर सुरू झाली. खर्जाची तार रोज सकाळी उतरलेली, आणि जवारीतला (घोडीवरच्या, तारेला झणकार देणाऱ्या जागेतला) दोरा कितीही सरकवा, तार बोलेना. तारा चढवलेल्या असताना गळ्याच्या, म्हणजे दांडी भोपळ्याला जोडतात तिथल्या, सांध्यात पोस्टकार्डाची कड सहज शिरायची, तारा सैल केल्या की फट मिटायची. असं दिसलं की दोष जवारीचा नाही, दांडी भोपळ्यापासून सुटू लागली आहे. मला हे कळेपर्यंत मी दोनदा घोडी घासून जवारी काढून घेतली होती. ते पैसे पाण्यात.

मग फोंड्यातल्या एका मेस्ताने, म्हणजे सुताराने, दोन नळ्यांचं इपॉक्सी कालवून सांध्यात भरलं. तीनशे रुपये. "आतां जल्मांत सुटचें ना," म्हणाला. शब्दाला जागला तो, सांधा सुटला नाहीच. पुढच्या पावसात सांध्याशेजारचं लाकूड सोलून निघालं. ओलीने लाकूड फुगतं, वर तारांची ओढ, आणि सांधा लाकडापेक्षा कडक. मग फाटणार काय?

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर गोवा एक्सप्रेस धरली. तंबोरा वरच्या बर्थवर, मी खाली अर्धा जागा. मिरजेच्या कारागिराने सांधा पाहिला आणि मेस्ताला एक शिवी घातली. सरस हा गरम करून लावायचा चिकट पदार्थ, तो ताज्या लाकडाला धरतो, जुन्या सरसालाही धरतो, पण इपॉक्सीवर बसत नाही. ते खरवडण्यात त्याचे दोन दिवस गेले, बिलातला मोठा आकडाही त्याचाच. एकूण 3800 रुपये. 2024 मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून दर चढलेत असा माझा संशय. त्याला तो मान्य नाही.

काम मात्र बघण्यासारखं. सरसाचे खडे थंड पाण्यात भिजून फुगलेले, मग डबा गरम पाण्याच्या भांड्यात. उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर सरसाची ताकद जाते. लाकूडही शेकून घेतलं, कारण सरस गार झाला की लगेच थिजतो. लावणं, बसवणं, बांधणं सगळं एका दमात. (सरस म्हणजे जनावरांची कातडी नि हाडं उकळून काढलेला डिंक. तंबोरा आमच्याकडे देवघराशेजारी असतो. आत्याला मी हे सांगितलेलं नाही.)

आता माझी तक्रार. त्याने सांधा सुतळीने आवळून बांधला, खाली फडकं न घालता. लाखेचं पॉलिश ऊब लागून मऊ झालेलं, त्यावर सुतळीचे तिरके वळ उठले. पाच. नखाला लागतात. उजेड खिडकीतून आला की पहिले तेच दिसतात. मी फोटो पाठवला, तो म्हणाला, "आवाज कसा आहे ते सांगा." आवाज चांगला होता. वळही होते.

जुलैपर्यंत मी लोकांना हेच सांगत होतो: काम चोख, हात राकट. मग आषाढातल्या संततधारेत एका सकाळी सांध्यात पुन्हा केसाएवढी रेघ दिसली. 3800 रुपये आणि नऊ महिने! फोनवर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने शांतपणे विचारलं, "लाकूड फाटलंय का?" नव्हतं फाटलं. "मग बरं झालं. तारा उतरवा आणि घेऊन या."

पुन्हा गाडी. दूधसागर दुधासारखा कोसळत होता, डब्यातले सगळे खिडकीला, मी तंबोऱ्याला धरून. दुकानात त्याने सांध्यावर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं धरलं, पातळ सुरी सरकवली आणि गळा हातात आला. कुठे चीर नाही, कपची नाही. नवा सरस, अर्ध्या तासात काम संपलं, 400 रुपये. तेव्हा माझं मत फिरलं. गोव्याच्या दमटपणात सरस कधीतरी सुटणारच, पण सुटला तर तो परत जोडता येतो. त्या इपॉक्सीने लाकूडच नेलं होतं. आता लेक गाऊन झालं की चारही तारा थोड्या उतरवून ठेवते. रोज दहा मिनिटं जास्त लागतात, कुरकुर करते, पण रेघ पुन्हा आलेली नाही.

मात्र एक गोष्ट मी विसरणार नाही. या वेळी त्याने सुतळीला हात लावला नाही. सायकलची जुनी ट्यूब पट्ट्या कापून गुंडाळली. वळाचं नाव नाही. मी विचारलं, ही ट्यूब गेल्या वेळी कुठे होती? म्हणाला, "इथंच होती."

जुने वळ घालवायला नवं पॉलिश लागेल, 900 रुपये म्हणाला. नको म्हटलं. गवसणीत कुठे दिसतात.