हॉलला मातकट गुलाबी रंग दिला, त्याचा रिव्ह्यू

घरी येणारा प्रत्येकजण विचारतोय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. गुलाबी म्हटलं की आपल्याकडे मंगल कार्यालयाचा पडदाच डोळ्यासमोर येतो, हा तसला नाहीये. गेरूत भरपूर पांढरा घातल्यावर जे होईल तो. सासूबाईंचं पहिलं वाक्य, "अगं हा प्रायमर ना, वरून रंग कधी मारणार?" (ग्रिलला रेड ऑक्साइड मारतात ना, तो डोक्यात असणार.)

मला आवडला होता तो फॅरो अँड बॉल या इंग्लिश रंगकंपनीचा सेटिंग प्लास्टर नावाचा शेड, पण इंग्लंडहून रंग मागवण्याइतकी काही मी वेडी नाही. तिकडे जिप्समचं प्लास्टर वाळल्यावर गुलाबीसर दिसतं त्यावरून तो शेड आहे, आपल्या जुन्या सोसायट्यांत सिमेंटचं राखाडी प्लास्टर, तेव्हा उघडी भिंत बघून हा रंग कोणाला सुचायचा प्रश्नच नाही. रविवार पेठेतल्या एका दुकानात टिंटिंग मशीनवर जवळचा शेड काढून घेतला, लाल ऑक्साइड, पिवळा ऑक्साइड आणि अगदी थेंबभर काळा. तो काळाच महत्त्वाचा बरं का, त्याच्यामुळे गोडपणा जातो. दुकानदार मात्र आधी लावून बघायला छोटा डबा करून द्यायला तयारच नव्हता, "शेडकार्डात दिसतो तसाच येतो मॅडम" म्हणे, भांडून घेतला.

आणि तस्साच येत नाही! आमचा हॉल पश्चिमेचा, दुपारी चारनंतर भिंत अक्षरशः जर्दाळू रंगाची होते आणि सकाळी तीच भिंत शांत, जवळजवळ बदामी. पण सहा हजार पाचशे केल्विनची पांढरी ट्यूब लावली की सगळी मजा गेली, करडट जांभळट आजारी दिसते. तीन हजारवाले वॉर्म एलईडी लावल्यावरच जीवात जीव आला. त्यामुळे उत्तरेच्या खोलीत, तेही ट्यूबखाली, हा रंग देऊ नका, दिवसभर उदास वाटेल.

आमची जुनी शहाबादी फरशी, जी काढून टाकायची म्हणून नवरा वर्षभर मागे लागला होता, तिचा निळसर करडा या भिंतीशी इतका जमलाय की आता तोच पाहुण्यांना दाखवतो. सागवानी कपाट, पितळी समया पण छान उठून दिसतात. दारंखिडक्या मात्र झकपांढऱ्या नकोत, ऑफव्हाइट ठेवा.

गणपतीच्या आधी उरकायचं म्हणून भर पावसात काम काढलं होतं, डब्यावर दुसऱ्या कोटाला काही तास पुरतात असं लिहिलेलं असतं पण पेंटरकाकांनी सरळ रात्रभर थांबवलं, बरं केलं, हवेत दमटपणा असला की वाळायला वेळ लागतोच. फिनिश मॅटच घ्या, चकचकीत घेतलात तर पुट्टीचा प्रत्येक उंचसखलपणा तिरप्या उन्हात दिसणार. टचअप मात्र मॅटमध्येही दिसू शकतो, स्विचबोर्डजवळ आमच्याकडे ठिगळ दिसतंच, म्हणून सगळा रंग एकदमच बनवून घ्या आणि झाकणावरच्या फॉर्म्युलाच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, नंतर थोडा बनवायचा झाला तर तेवढाच आधार.

हॉलला दहापैकी नऊ. स्वयंपाकघरात हाच शेड हवा असेल तर सॅटिन, म्हणजे किंचित चमक असलेल्या फिनिशमध्ये घ्या, मॅटवर फोडणीचे शिंतोडे पुसायला गेलं की रंगच घासला जातो.