मिनी कूपरचे कीट, जुनी डिझेल गाडी आणि काचेवरचे धुके: चार महिन्यांनंतरचा अनुभव

हे लिहायला बसण्याचे कारण म्हणजे १,८५० रुपयांचे एक बिल. समोरच्या काचेवर आतून धुके धरते, अशी तक्रार घेऊन डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी माझी सात वर्षे जुनी डिझेल हॅचबॅक एका सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथे एसीचा गॅस भरून हे बिल माझ्या हाती ठेवण्यात आले आणि दुसऱ्याच पहाटे नवेगावबांधच्या तलावाजवळ काच पुन्हा पांढरी झाली. त्याच आठवड्यात घरी टेबलावर मॉडेल कीटमधली, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून बनवायची, १/२४ प्रमाणातली मिनी कूपर तयार होत होती आणि तिचीही पुढची काच एका रात्रीत दुधाळ झाली होती. त्यामुळे हा अभिप्राय दोन वस्तूंचा आहे, आणि दोन्हींच्या बाबतीत मी इतर सगळ्या गोष्टींपेक्षा काचेबद्दल जास्त लिहिणार आहे, हे आधीच सांगतो.

पत्नी साकोलीला परिचारिका आहे. सकाळची ड्युटी असली की आम्ही पहाटे साडेपाचला घर सोडतो, कोहमाऱ्याला येऊन राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागतो आणि पश्चिमेकडे वळतो. विदर्भात थंडी कसली, असे पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात. त्यांना मी २९ डिसेंबर २०१८ या दिवसाची आठवण देतो, त्या दिवशी नागपूरला किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगल-धानाच्या पट्ट्यात, मात्र आकड्यापेक्षा ओलावा जास्त त्रास देतो. गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव पावसाळ्याअखेर भरलेले असतात, धानाच्या बांध्यांत ओल असते, आणि वारा पडलेल्या पहाटे रस्ता सखल भागात उतरला की दहा पावलांपुढचे दिसत नाही. त्यातच हा झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. रात्रभर नाटक पाहून पहाटे परतणारी माणसे घोंगडी पांघरून रस्त्याच्या कडेने चालत असतात, आणि धानाने भरलेल्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना हळूहळू पुढे जात असतात. अशा वेळी काच स्वच्छ असणे ही सोयीची बाब राहत नाही.

कीटची ओळख जाणकारांना करून देण्याची गरज नाही. १९५९ मध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी आडव्या इंजिनाची आणि पुढची चाके ओढणारी जी छोटी गाडी आणली, तिचीच ही १२७५ एस ही रॅली आवृत्ती. खरी गाडी सुमारे ३.०५ मीटर लांब, म्हणून १/२४ प्रमाणात ती १२.७ सेंटिमीटरची होते. खऱ्या गाडीची दहा इंची रिम इथे साडेदहा मिलिमीटरच्या आसपास येते. अंगावरचे आकडे १९६७ च्या माँटे कार्लो रॅलीचे, म्हणजे राउनो आल्टोनेन आणि हेन्री लिडन यांच्या १७७ क्रमांकाच्या गाडीचे आहेत. ही जोडी त्या वर्षी लान्सिया गाडीपेक्षा अवघ्या १३ सेकंदांनी पुढे राहून जिंकली होती. जानेवारीतली, आल्प्सच्या बर्फातली ही शर्यत मी निवडली, कारण हिवाळ्यातल्या गाडी चालवण्याबद्दल मला मनापासून आस्था आहे आणि बर्फ पाहण्याची संधी आमच्याकडे मिळत नाही. खरेदी ३,४०० रुपयांची, वर कुरिअर. माझ्यासारख्या माणसासाठी ही रक्कम लहान नाही, म्हणून प्रत्येक भाग मी सांभाळून कापला.

भागांची जोडणी उत्तम आहे. साचा स्वच्छ आहे, सांधे जुळतात, चाके फिरतात. यावर याहून अधिक लिहिण्यासारखे नाही. रंगकामात मात्र पहिला धक्का बसला. नोव्हेंबरच्या अखेरीस, सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ वाजता, मी ओसरीत उभा राहून बॉडीवर लाल लॅकरचा स्प्रे मारला. पाच मिनिटांत लाल रंगावर पांढुरकी साय आली. कारण असे की लॅकरमधला द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवा आधीच दमट असेल तर तिच्यातले बाष्प त्या ओल्या रंगावर पाणी होऊन बसते. दुसरा थर मी दुपारी दोन वाजता, उन्हात, तेही स्प्रेचा डबा दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून मारला. थंडीत डब्यातला दाब कमी होतो आणि फवारा थेंबाथेंबाने पडतो, म्हणून कोमट पाणी. डबा चुलीजवळ किंवा उकळत्या पाण्यात कधीही ठेवू नये, तो फुटू शकतो. दुपारचा थर आरशासारखा आला, आणि पहिली सायही त्याखाली विरघळून गेली. इथवर माझे मत कीटच्या बाजूने पूर्ण होते.

मग काच. कीटच्या प्लास्टिकसाठी, म्हणजे पॉलिस्टायरीनसाठी, द्रावकाचा गोंद योग्य असतो, कारण तो प्लास्टिक विरघळवून सांधा एकजीव करतो, पण थंडीत तो वाळायला वेळ घेत होता. घाईने मी डॅशबोर्डचा एक तुकडा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवला, बॉडी चेसिसवर बसवली आणि झोपलो. सकाळी पुढच्या काचेवर आतून पांढरे पटल होते आणि त्या पटलात माझ्या अंगठ्याचा ठसा रेषान्‌रेष दिसत होता. या गोंदाची, म्हणजे सायनोॲक्रिलेटची, वाफ बंद जागेत कोंडली की हवेतल्या ओलाव्याशी आणि बोटांच्या घामाच्या अंशाशी संयोग होऊन घट्ट होते. पोलिसांच्या प्रयोगशाळेत ठसे उमटवण्यासाठी हीच वाफ वापरतात. मला हे वाचून माहीत होते, तरी रात्री आठवले नाही. विक्रेत्याला फक्त काचेची चौकट वेगळी मिळेल का म्हणून विचारले, तर पूर्ण नवे कीट घ्या असे उत्तर आले. ३,४०० रुपयांच्या वस्तूसाठी दीड इंची काच वेगळी न मिळणे मला अजूनही पटलेले नाही.

म्हणून काच सोडवून मी ती घासायला बसलो. १५०० आणि २००० नंबरचा झिरो पेपर पाण्यात भिजवून, एकाच दिशेने, अगदी हलक्या हाताने. त्यानंतर मऊ सुती कापडावर टूथपेस्ट घेऊन गोल गोल. तीन संध्याकाळी गेल्या. काच परत पारदर्शक झाली. ती बसवण्यासाठी या वेळी पांढरा फेविकॉल पाण्यात किंचित पातळ करून काडीच्या टोकाने लावला; तो वाळला की दिसत नाही आणि वाफही सोडत नाही. पुढच्या बंपरवरच्या जादा दिव्यांच्या काचाही तशाच बसवल्या. दहा रुपयांच्या फेविकॉलने जे काम झाले, त्यासाठी वेगळा महागडा गोंद घेण्याची आवश्यकता नाही, असे माझे ठाम मत आहे.

या दिव्यांवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६६ च्या माँटे कार्लोत पहिल्या तिन्ही क्रमांकांवर मिनी आल्या होत्या आणि तिन्ही बाद ठरवल्या गेल्या. कारण हेडलाइटचे होते. त्यांतल्या एकाच तारेच्या बल्बमुळे डिपरची, म्हणजे दिव्याचा झोत खाली करण्याची, व्यवस्था नियमाबरहुकूम नाही, असा निर्णय झाला आणि विजय सिट्रोएन चालवणाऱ्या पाउली टोइव्होनेन यांना मिळाला. डिपर ही एवढी महत्त्वाची गोष्ट आहे. आमच्या महामार्गावर मात्र दाट धुक्यात निम्मी वाहने हाय बीमवर धावतात. धुक्याचे थेंब तो प्रकाश परत चालकाच्या डोळ्यांत फेकतात, समोर पांढरी भिंत उभी राहते आणि समोरच्यालाही काही दिसत नाही. धुक्यात डिपर खाली, फॉग लॅम्प असतील तर ते चालू, वेग कमी, एवढेच हवे. हेडलाइटला पिवळी फिल्म लावून धुके भेदते, असे ॲक्सेसरीच्या दुकानांत सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असल्याने सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. डोळ्यांवरची चमक थोडी कमी होते, पण त्यासाठी हेडलाइटचा उजेड घालवणे शहाणपणाचे नाही.

आता खऱ्या गाडीच्या काचेकडे. आपल्या श्वासातले बाष्प गार काचेवर दवबिंदूच्या खाली जाऊन जमते, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यावर उपाय म्हणजे ब्लोअरचा झोत काचेवर, तापमान गरम, बाहेरची हवा आत घेण्याचे बटन, आणि एसी चालू. हीटरसोबत एसी ऐकून लोक चकित होतात. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसानेही मला विचारले, "थंडीत एसी कोण लावते जी?" एसीचे काम इथे गारवा देण्याचे नसते, हवेतले पाणी काढून घेण्याचे असते. गार कॉइलवर बाष्प पाणी होऊन गळते, नळीतून गाडीखाली जाते, आणि कोरडी झालेली हवा हीटरने गरम होऊन काचेवर येते. म्हणून त्यांनी गॅस भरला तो अगदीच निरर्थक होता असे मी म्हणणार नाही. गॅस कमी असता तर काच स्वच्छ झालीच नसती. पण माझी तक्रार वेगळी होती. एसी चालू असेपर्यंत काच स्वच्छ असायची आणि बंद करताच दोन मिनिटांत आधीपेक्षा जास्त धुके धरायचे. हे मी जॉब कार्डवर लिहून दिले होते. ते कोणी वाचले नाही, आणि आत येणाऱ्या हवेचा फिल्टरसुद्धा उघडून पाहिला नाही. तो मी घरी काढला, तेव्हा त्यात धानाचा बारीक कोंडा गच्च भरलेला होता. मळणीच्या दिवसांत आमच्या भागात हे होणारच. फिल्टर बदलून हवा वाढली, धुके मात्र तसेच राहिले.

जानेवारीच्या मध्यापर्यंत मी गाडीलाच दोष देत होतो आणि या अभिप्रायाचा पहिला खर्डा तसाच कडवट होता. मग एका सकाळी साकोलीला उतरताना पत्नी म्हणाली, "माझे मोजे रोज ओले होतात, दिवाळीपासून सांगतेय मी तुम्हाला." ती डाव्या बाजूला बसते. मी त्या बाजूच्या चटईखाली हात घातला, तर खालचा फोम भिजलेल्या पोत्यासारखा होता. सगळा उलगडा तिथे झाला. आमची गाडी अंगणात तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) ढिगाशेजारी उभी असते. रस्त्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीने खालून एसीच्या पाण्याची नळी काढली, तेव्हा तिच्यात उंदराने कोंबलेले तणस निघाले. उन्हाळ्यापासून एसीचे पाणी बाहेर न जाता चटईखाली साचत होते. मी काच स्वच्छ करण्यासाठी जितका जास्त एसी लावत होतो, तितके गाडीत पाणी वाढत होते, आणि एसी बंद झाला की ओल्या कॉइलवरचे आणि फोममधले बाष्प थेट काचेवर येत होते. मिस्त्रीने तार घालून नळी साफ केली, हवेचा झोत मारला आणि २०० रुपये घेतले. फोम चार दिवस उन्हात वाळवावा लागला. त्यानंतर आजतागायत, दाट धुक्याच्या पहाटेही, काच आतून स्वच्छ आहे. म्हणून गाडीबद्दलचे माझे आधीचे मत मी मागे घेतो. सर्व्हिस सेंटरबद्दलचे मागे घेत नाही.

हिवाळ्यातल्या इतर बाबींत या गाडीने तक्रारीला जागा दिलेली नाही. चावी फिरवून ग्लो प्लगचे (डिझेल इंजिन सुरू होण्याआधी आतून तापवणाऱ्या भागाचे) चिन्ह विझेपर्यंत थांबले की पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू होते. टायरच्या हवेकडे मात्र लक्ष हवे. तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरले की दाब १ पीएसआयने घटतो, म्हणून मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात भरलेले ३२ पीएसआय डिसेंबरच्या ८ अंशांच्या पहाटे २६-२७ वर आलेले मी स्वतः मोजले आहेत.

मिनी फेब्रुवारीत पूर्ण झाली. माँटे कार्लोसाठी कारखान्यात तयार होणाऱ्या या गाड्यांना विजेने तापणारी समोरची काच बसवत आणि रेडिएटरच्या जाळीपुढे रजईसारखे आच्छादन बांधत. कीटमध्ये आच्छादन नाही, ते मी जुन्या दुलईच्या कापडाचा तुकडा शिवून बसवले. पत्नीला ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची होती, पण आमच्या एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत पॉलिस्टायरीन वाकण्याची भीती आहे, म्हणून ती घरात कपाटात आहे. समोरच्या काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग राहिला आहे. त्यावर वायपर येतो.

दुसरे कीट मागवले आहे, दुसऱ्या विक्रेत्याकडून, सुट्या काचा मिळतात याची आधी खात्री करून. त्याचे रंगकाम मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरकणार आहे, कारण त्याआधी सकाळी दव असते आणि त्यानंतर हवा इतकी तापते व कोरडी होते की स्प्रेचा रंग बॉडीवर पोहोचण्याआधीच वाळून खरखरीत बसतो. तणसाचा ढीग मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हलवला आहे.