छातीवरचा पिस्तूल-पाउच, सात महिन्यांनंतर: सगळं ठीक, वेल्क्रो सोडून

पिस्तूल ओढलं की खोळ जागेवरच राहिली पाहिजे. होल्स्टरचं खरं काम एवढंच. भटकंतीत सॅकखाली छातीवर बांधायच्या या पाउचमध्ये पाचव्या महिन्यापासून ते होईना. रिकाम्या पिस्तुलाने सराव करताना कायडेक्सची (कडक प्लास्टिकची) खोळ पिस्तुलाला धरूनच बाहेर आली, चाप झाकलेलाच. ग्रिझली अस्वलांच्या मुलखात हा दोष किरकोळ म्हणता येत नाही.

कारण सरळ आहे. खोळ आतल्या अस्तराला फक्त वेल्क्रोने चिकटवलेली आहे. वेल्क्रो सरळ ताण छान झेलतो, पण कडेने सोललं की लगेच सुटतो, आणि छातीवरून पिस्तूल तिरकं ओढताना नेमकं सोलणंच होतं. त्यात फ्लीसचे धागे, धूळ आणि पाइनच्या काड्या आकड्यांत अडकतात. पाउच धुण्यासाठी खोळ जितक्या वेळा काढाल तितका मऊ भाग पिंजत जातो. उत्पादकाला कळवल्यावर उत्तर म्हणून वेल्क्रोचीच नवी पट्टी आली. याचा मनस्वी राग आहे. खोळीच्या तळाशी दोन भोकं आहेत, पाउचच्या तळाशी शिवलेली पट्टी आहे, म्हणजे दोन स्क्रूंची सोय सहज झाली असती.

उपाय: साधारण 40 सेंमी पॅराकॉर्ड (बारीक, मजबूत नायलॉनची दोरी) त्या दोन भोकांतून आणि तळाच्या पट्टीतून ओवून घट्ट गाठ मारायची, टोकं वितळवून बंद करायची. मग खोळ पिस्तूल किती घट्ट धरते ते ठरवणारा पकडीचा स्क्रू पाव फेरा सैल करायचा. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून खोळ गादीवर उलटी धरून हलवायची. पिस्तूल पडलं तर स्क्रू पुन्हा थोडा आवळायचा. शेवटी स्क्रूच्या टोकाला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू आपोआप सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. थेंब प्लास्टिकवर ओघळू देऊ नका, तडे जाऊ शकतात.

पहिले दोन महिने तक्रार चेनीची होती: हातमोजे घातले की पकड मिळत नसे. ती तक्रार आता मागे. दोन्ही सरक्या वरच्या कोपऱ्यात ठेवून त्यांना बोटभर दोरीचे फास बांधले की एका झटक्यात पाउच उघडतो.

आता जमेची बाजू, आणि ती मोठी आहे. सॅकचा कमरपट्टा जिथे बसतो तिथेच कमरेचं होल्स्टर रुततं, आणि सॅकच्या आत ठेवलेलं पिस्तूल वेळेवर हाती लागत नाही. या पाउचला स्वतःचे पट्टे आहेत. आधी पाउच, त्यावर सॅक. सॅक उतरवली तरी पिस्तूल अंगावर राहतं: पाणी भरताना, तंबू ठोकताना, ओढा ओलांडायला सॅकचे बंद सोडतानाही. सॅकच्या खांदेपट्ट्यांना अडकवायचे स्वस्त पाउच घेऊ नका, सॅकबरोबर पिस्तूलही जमिनीवर जातं. पट्ट्यांची बकलं मात्र गळपट्टीच्या हाडाखाली सरकवा, नाहीतर सॅकच्या भाराने तिथेच काचतात. भरलेलं 10 मिमी पिस्तूल धरून दीड किलोच्या आसपास वजन होतं, चढावर ते जाणवतं.

घाम हा बंद पाउचचा कायमचा शत्रू. रोज रात्री पिस्तूल पुसून तेलाचा पातळ हात फिरवा. मागची साइट (नेम धरायची खाच) आणि स्क्रूंची डोकी आधी गंजतात. अस्वलाला पळवायचा तिखट स्प्रे पाउचमध्ये कोंबू नका, तो बाहेर, डाव्या हाताला. पहिला उपाय तोच आहे.

पाउच बाहेरून कॅमेऱ्याच्या बॅगेसारखा दिसतो, वाटेत कुणी दचकत नाही. पण झाकलेलं शस्त्र म्हणजे अमेरिकेच्या अनेक राज्यांत परवान्याचा प्रश्न, आणि एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत 22 फेब्रुवारी 2010 पासून शस्त्र बाळगण्याला त्या त्या राज्याचा कायदा लागू आहे. माहिती केंद्रासारख्या संघीय इमारतींत मात्र ते नेता येत नाही. नकाशा घ्यायला आत शिरण्याआधी पाउच कुठे ठेवायचा ते ठरवून ठेवा.

दोरी बांधून दोन महिने झाले, खोळ हललेली नाही. एक तारा तरीही कापला आहे.